हिवाळा, प्लग आणि विजेची पहिली मोटार

१/
जानेवारी २०२४. आर्क्टिकवरून आलेली थंड हवा शिकागो शहरावर उतरली आणि पारा शून्याखाली खूप खोल गेला. सार्वजनिक चार्जिंगच्या जागांपुढे विजेच्या मोटारींच्या रांगा लागल्या. काही गाड्या रांगेत उभ्या असतानाच निपचित पडल्या आणि त्यांना ओढून न्यावे लागले. ती छायाचित्रे जगभर फिरली आणि ‘विजेची मोटार ही काही हिवाळ्याची गाडी नव्हे’ हे मत दोन दिवसांत सर्वतोमुखी झाले.

२/
गंमत अशी, की सुमारे एकशे दहा वर्षांपूर्वी याच शिकागोत मोटारी विकणारे नेमके उलटे सांगत होते. बर्फ पडू लागला की पेट्रोलची गाडी कुरकुरते, विजेची मात्र बारमाही चालते, असा त्यांचा दावा होता आणि तो बऱ्याच अंशी खरा होता. त्या काळी शिकागो हे विजेच्या मोटारींचे अमेरिकेतील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक होते. मग हिवाळ्याची गाडी म्हणून मिरवणारे हे वाहन हिवाळ्यात बदनाम कसे झाले? या धाग्यात त्याचा मागोवा घ्यायचा आहे. या कथेत बॅटरीची भूमिका वाटते त्याहून लहान आहे आणि भिंतीतल्या प्लगची वाटते त्याहून कितीतरी मोठी.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी शिसे-आम्लाची बॅटरी फ्रान्समध्ये गॅस्तों प्लाँते याने १८५९ मध्ये बनवली. १८८१ मध्ये कामी फोर याने तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची युक्ती काढली आणि ती वाहनात बसवण्याजोगी झाली. १८९० च्या सुमारास आयोवा राज्यातील डे मॉइन या गावी विल्यम मॉरिसन याने विजेवर चालणारी बग्गी रस्त्यावर आणली. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. भविष्य कोणाचे, हे त्या वर्षी कोणालाही छातीठोकपणे सांगता आले नसते.

४/
त्या काळची पेट्रोलची मोटार हिवाळ्यात कशी वागत असे, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. इंजिन सुरू करण्यासाठी गाडीपुढे उभे राहून लोखंडी हँडल मारावे लागे. थंडीत तेल काकवीसारखे घट्ट होई, पेट्रोलची वाफ नीट होत नसे आणि हँडल फिरवता फिरवता माणूस घामाघूम होई. रेडिएटरमध्ये साधे पाणी असे. ते रात्री गोठले तर प्रसरण पावून धातूला तडा जाई. म्हणून कोणी पाण्यात अल्कोहोल मिसळी, तर कोणी रोज रात्री पाणी काढून टाकून सकाळी गरम पाणी भरी. डिसेंबरातल्या सकाळी चोक ओढून जुन्या स्कूटरला किक मारणारे वडील ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी तो प्रसंग दहापट अवघड करून डोळ्यांपुढे आणावा. पुष्कळ मालक हिवाळाभर गाडी ठोकळ्यांवर चढवून सरळ वसंताची वाट पाहत.

५/
हँडल धोकादायकही होते. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे, क्वचित जबडाही. बायरन कार्टर या मोटार-उत्पादकाची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. डेट्रॉइटच्या बेल आयल येथे भर हिवाळ्यात एका स्त्रीची बंद पडलेली मोटार सुरू करून देताना हँडल उसळून त्याला लागले आणि पुढे न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला, अशी ती कथा. कार्टर १९०८ मध्ये वारला हे खरे. बाकीचे तपशील मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतात, तेव्हा त्यांवर फार भार टाकू नये. त्या काळातील मोटारधारकांच्या मनात हँडलविषयी कोणती भीती होती, एवढे समजण्यापुरता या कथेचा उपयोग.

६/
आता विजेची मोटार पाहा. तिला हँडल नाही, रेडिएटर नाही, गिअरची खडखड नाही, धूर नाही. आत बसायचे, दांडी पुढे सरकवायची, गाडी निघाली. बेकर, वुड्स, डेट्रॉइट इलेक्ट्रिक या कंपन्यांच्या गाड्यांना चारी बाजूंनी काचा आणि वर पक्के छप्पर असे, तर पेट्रोलच्या बहुतेक गाड्या उघड्या असत. बर्फाचा वारा तोंडावर घेत जाणे आणि काचेच्या खोलीत बसून जाणे, यांतला फरक ग्राहकाला समजावून सांगावा लागत नसे. रात्री-अपरात्री रुग्णाकडे जाणारे डॉक्टर आणि शहरातील सधन स्त्रिया हे या गाड्यांचे हक्काचे गिऱ्हाईक होते.

७/
या गिऱ्हाइकांतले सर्वांत बोलके नाव क्लारा फोर्ड हे आहे. हेन्री फोर्डची ही पत्नी १९१४ च्या डेट्रॉइट इलेक्ट्रिक मोटारीतून फिरत असे. पेट्रोलच्या ‘मॉडेल टी’ने जग पालटणाऱ्या माणसाच्या घरात बायकोची गाडी विजेवर चालत होती! ती गाडी आज मिशिगनमधील द हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. तिच्याकडे केवळ गंमत म्हणून पाहू नये. रस्त्याच्या कडेला, थंडीत, लांब झगा सावरत हँडल मारण्याची सक्ती नसलेले वाहन म्हणजे एखाद्या स्त्रीसाठी कोणाला न विचारता, ड्रायव्हर न बोलावता घराबाहेर पडण्याची सोय होती. त्या सोयीला एक अट होती. ती पुढे येईल.

८/
गाडी घरी आली, पण ती चार्ज कशी करायची? इथे पहिली अडचण उभी राही. बॅटरीला एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो, ज्याला आपण डीसी म्हणतो. शहरांच्या मध्यभागी एडिसनच्या पद्धतीचा डीसी पुरवठा होता. परंतु प्रशस्त बंगले ज्या उपनगरांत उभे राहत होते, तिथे दूरवर सहज नेता येणारा एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह, पोहोचत होता. म्हणजे ज्यांना गाडी परवडत होती आणि ज्यांच्याकडे गॅरेज होते, नेमक्या त्यांच्याच भिंतीतली वीज बॅटरीला चालत नव्हती. पर्याय एकच होता. एसीवर एक मोटर फिरवायची, तिने डीसी जनित्र फिरवायचे आणि त्याने बॅटरी भरायची. हे यंत्र महाग होते, आवाज करी, आणि त्याला सतत तेलपाणी लागे.

९/
वाट काढली ती पीटर कूपर ह्यूइट याच्या १९०२ मधील शोधाने. निर्वात काचेच्या मोठ्या फुग्यात तळाशी पारा असे. त्यातून ठिणगी पेटवली की पाऱ्याची वाफ प्रवाहाला एका दिशेने जाऊ देई, उलट दिशेने अडवी. हा मर्क्युरी आर्क रेक्टिफायर. जनरल इलेक्ट्रिकने तो घरगुती गॅरेजसाठी बाजारात आणला. भिंतीलगत उभा लोखंडी सांगाडा, त्यावर दगडी फळी, फळीवर प्रवाह आणि दाब दाखवणाऱ्या तबकड्या, मागे काचेचा फुगा. फुगा हलवून पारा डचमळवला की आत निळसर-जांभळा प्रकाश थरथरू लागे आणि गाडी रात्रभर भरत राही. घरच्या घरी चार्जिंग ही कल्पना आज नवी वाटते, पण तिचे पहिले यंत्र अशा अंधाऱ्या गॅरेजांत जांभळा उजेड पाडत बसले होते.

१०/
हिवाळ्याने बॅटरीला सोडले होते असे नाही. थंडीत आम्लाचे द्रावण दाट होते, रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेली सगळी वीज बाहेर येत नाही. त्याहून मोठा धोका गोठण्याचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणाऱ्या घरांना हे रसायन ओळखीचे आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा द्रावणात आम्ल भरपूर असते आणि ते उणे ५० अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. बॅटरी रिकामी होते तसे आम्ल पट्ट्यांत शोषले जाते, उरते जवळजवळ पाणी, आणि ते उणे ७-८ अंशांतच गोठू शकते. गोठले की आतल्या पट्ट्या आणि बाहेरचे भांडे दोन्हींची हानी. म्हणून हिवाळ्याचा पहिला नियम: गाडी रिकामी ठेवून झोपू नये. बाहेरून आल्याबरोबर, बॅटरीत प्रवासाची ऊब आहे तोवर, तिला चार्जिंगला लावणे उत्तम. हायड्रोमीटरने द्रावणाची घनता मोजणे हे नित्यकर्म होते.

११/
थॉमस एडिसनला शिशाच्या जडपणाचा तिटकारा होता. त्याने निकेल आणि लोखंडाची बॅटरी बनवायला घेतली. पहिली आवृत्ती गळू लागल्याने मागे घ्यावी लागली, सुधारित बॅटरी १९०९ मध्ये आली. ती अतिशय टिकाऊ होती. आडवीतिडवी वापरली, रिकामी ठेवली तरी तक्रार करीत नसे. डेट्रॉइट इलेक्ट्रिकने ती जादा किमतीत देऊ केली आणि पुष्कळांनी घेतली. पण तिची एक खोड होती. कडाक्याच्या थंडीत ती शिसे-आम्लाहूनही लवकर हतबल होई. जगभर नावाजलेल्या संशोधकाची महागडी बॅटरी घेतलेल्या गृहस्थाचा जानेवारी मग कसा जात असेल, हे ज्याने त्याने कल्पावे.

१२/
एका बाबतीत मात्र जुन्या गाड्या आजच्यांपेक्षा सुखी होत्या. पेट्रोलचे इंजिन बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया घालवते आणि तीच उष्णता आज आपल्याला गाडीत फुकट मिळते. विजेच्या मोटारीत अशी वाया जाणारी उष्णता फारशी नसते, म्हणून आतली हवा गरम करायला बॅटरीचीच वीज खर्ची पडते. हिवाळ्यात आजच्या विजेच्या गाडीचा पल्ला घटतो त्याचे हे एक मोठे कारण. १९१० मधली स्त्री मात्र गुडघ्यांवर लोकरी पांघरूण घेऊन बसे आणि पायांशी बग्गीच्या काळातली शेगडीवजा ऊबपेटी ठेवी. गाडी गरम असावी ही अपेक्षाच नव्हती, त्यामुळे तिचा भार बॅटरीवर पडत नसे.

१३/
पडद्यामागे वीज कंपन्यांचे गणित चालू होते. शिकागोत सॅम्युएल इन्सल या वीज-उद्योजकाला एकच चिंता असे: महागडी जनित्रे रात्री रिकामी बसून राहतात. विजेच्या मोटारी रात्री चार्ज झाल्या तर ती पोकळी भरून निघेल, म्हणून कंपन्यांना हे गिऱ्हाईक हवेहवेसे वाटे. अडचण पुन्हा हिवाळ्यातच. डिसेंबरात दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडतो. दुकाने, कचेऱ्या, घरे, ट्राम सगळे एकदम दिवे लावतात. वर्षातील सर्वांत मोठी मागणी तेव्हाच असे आणि दिवसभर फिरून मालवाहू गाड्या व मोटारी परत येण्याची वेळही तीच. साहजिकच कंपन्या सांगत: गाडी आणा, पण थोडे थांबा, रात्री उशिरा चार्ज कराल तर दर स्वस्त लावू. रात्रीच्या स्वस्त दराची जी योजना आज आधुनिक म्हणून मांडली जाते, तिची मुळे या डिसेंबरच्या संध्याकाळींत आहेत.

१४/
घरचा रेक्टिफायर सर्वांना परवडत नसे. अशांसाठी शहरांत विजेच्या मोटारींची खास गॅरेजे होती. महिन्याचे पैसे भरायचे. गॅरेजची माणसे गाडी धुणार, चार्ज करणार, बॅटरीत पाणी घालणार आणि सकाळी दाराशी आणून उभी करणार. तबेल्याची जुनी रीतच नव्या वाहनाला लावलेली. हिवाळ्यात याचा लाभ दुहेरी, कारण गाडी रात्रभर उबदार जागेत राही.

१५/
आता ती अट. घरातून किंवा गॅरेजातून निघालेली गाडी तिथेच परतली पाहिजे. नकाशावर घराभोवती एक वर्तुळ काढावे आणि ‘याच्या आत तुम्ही स्वतंत्र आहात’ असे म्हणावे, तसा हा प्रकार. जाहिरातीत १३० किलोमीटरचा पल्ला सांगितला जाई, हिवाळ्यात वर्तुळ आपोआप आक्रसे. शहरात भेटीगाठी, बाजार, नाटक यांसाठी ते पुरेसे होते. पण मोटारीचे स्वप्न त्याच सुमारास बदलत होते. १९०३ मध्ये होरेशिओ जॅक्सन या डॉक्टराने पेट्रोलच्या गाडीतून ६३ दिवसांत अमेरिका आडवी ओलांडली होती. गाडी म्हणजे दूर जाण्याचे साधन, ही कल्पना जसजशी रुजत गेली तसतसे वर्तुळात फिरणाऱ्या गाडीला ‘बायकांची गाडी’ हे विशेषण चिकटले. त्यात कौतुक होते तितकीच हेटाळणीही. स्त्रियांना स्वातंत्र्य देणारे वाहन आणि स्त्रियांना घराच्या परिघात ठेवणारे वाहन ही एकाच गाडीची दोन वर्णने होती, आणि दोन्ही खरी होती.

१६/
वर्तुळ मोडता येते हे सिद्ध करण्याचा हट्ट एका माणसाने धरला. डेन्व्हरचा ऑलिव्हर फ्रिचल हा रसायनशास्त्राचा जाणकार आणि स्वतःच्या नावाच्या विजेच्या मोटारींचा उत्पादक. एका चार्जिंगमध्ये शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, जाणारी गाडी अशी तो जाहिरात करी. १९०८ मध्ये त्याने इतर उत्पादकांना लांब पल्ल्याच्या शर्यतीचे आव्हान दिले. कोणीही पुढे आले नाही. तेव्हा तो एकटाच आपली दोन आसनी गाडी घेऊन नेब्रास्कातील लिंकनहून न्यूयॉर्ककडे निघाला. ऋतू होता शरदाचा शेवट, रस्ते चिखलाचे, पुढे अ‍ॅलेगेनीचे डोंगर. सुमारे २,९०० किलोमीटर अंतर त्याने प्रत्यक्ष प्रवासाच्या २० दिवसांत कापले. उतारावर मोटरच जनित्रासारखी चालून थोडी वीज बॅटरीत परतेल, अशी सोय त्याने गाडीत केली होती.

१७/
फ्रिचलचा प्रवास विजेच्या मोटारीचा विजय म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेही. पण अधिक महत्त्वाचे तो रात्री काय करीत असे हे आहे. मुक्कामाच्या गावात वीजघर किंवा गॅरेज गाठायचे, तिथला प्रवाह एसी की डीसी, दाब किती, हे पाहायचे आणि काहीतरी जोडणी करून गाडी भरायची. कुठे ११० व्होल्ट, कुठे २२०, कुठे ट्रामसाठीचा ५०० व्होल्टचा प्रवाह. जो माणूस स्वतः बॅटरी बनवतो, ज्याला तारांची भीती नाही, त्याला हे जमले. मॅडिसन अव्हेन्यूवरील गृहस्थाला किंवा क्लारा फोर्डला ते जमावे ही अपेक्षा कोणी करणार नाही. गाडी लांब जाऊ शकते एवढे फ्रिचलने सिद्ध केले. लांब जाण्याची व्यवस्था अस्तित्वात नाही, हेही त्याच प्रवासाने उघड केले.

१८/
याउलट पेट्रोलला व्यवस्था लागलीच नाही, निदान सुरुवातीला. किराणा दुकानात, औषधांच्या दुकानात, लोहाराकडे ते डब्यातून मिळे. मोटारीने थेट आत जाऊन पेट्रोल भरावे असा खास बांधलेला पंप पिट्सबर्गला उघडला तो १ डिसेंबर १९१३ ला. तोवर लाखो गाड्या डब्यांवरच धावत होत्या. डबा घोडागाडीतून कोणत्याही खेड्यात जातो. वीज तशी जात नाही. तिला खांब लागतात, तारा लागतात आणि खेड्यापर्यंत तार ओढण्यात नफा आहे असे वाटणारी कंपनी लागते. १९२० मध्येही अमेरिकेतील साधारण एक तृतीयांश घरांतच वीज होती. १९३० च्या दशकाच्या मध्यावर दहापैकी नऊ शेतघरांत ती नव्हती. देशाच्या नकाशावर विजेची बेटे होती आणि विजेची मोटार या बेटांवरची रहिवासी होती.

१९/
वीज कंपन्यांनी काहीच केले नाही असे नाही. १९१० पर्यंत त्यांनी व उत्पादकांनी मिळून विजेच्या वाहनांसाठी संघटना उभारली. चार्जिंगच्या जागांचे नकाशे छापले गेले, सर्व गाड्यांना एकच प्लग चालावा यासाठी खटपट झाली. रस्त्याच्या कडेला नाणे टाकून वीज घ्यावी असा ‘इलेक्ट्रंट’ नावाचा खांबही सुचवला गेला होता. तो फारसा कुठे उभा राहिला नाही. सर्वांत धाडसी प्रयोग कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे झाला. तिथल्या वीज कंपनीने ग्राहकाला सांगितले: बॅटरीशिवाय गाडी विकत घ्या, बॅटरी आमची. मालवाहू गाडी डेपोत येई, रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवली जाई, आणि मालक महिन्याचे भाडे व मैलामागे दर भरी. थंडीत बॅटरीची निगा राखण्याची काळजीही कंपनीची. ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि तिच्या गाड्या एकूण ६० लाख मैलांहून अधिक धावल्या. पण ती हार्टफर्डच्या परिसरातच राहिली. शेजारच्या शहराने तीच बॅटरी, तोच साचा स्वीकारला असता तर, असा प्रश्न मनात येतोच. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात फार रमू नये, एवढेच.

२०/
आणि मग हिवाळ्याचा पहिला मान विजेच्या मोटारीकडून गेला. ओहायोतील डेटन येथे चार्ल्स केटरिंग याने इंजिनाला वेग देणारी छोटी विद्युत मोटर बनवली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ती बसली. आपल्याकडे आजही ‘सेल्फ मारणे’ म्हणतात, तोच हा सेल्फ-स्टार्टर. केटरिंगने पूर्वी दुकानांतील कॅश रजिस्टर विजेवर चालवण्याचे काम केले होते. क्षणभर भरपूर जोर देणारी लहान मोटर पुरते, ती सतत चालावी लागत नाही, ही समज त्याला तिथूनच मिळाली. या मोटरला वीज देत होती शिसे-आम्लाची बॅटरी. ज्या बॅटरीने विजेच्या मोटारीला जन्म दिला, तीच प्रतिस्पर्ध्याच्या पोटात जाऊन बसली आणि तिथे तिला चार्ज करायला भिंतीतला प्लगही लागेना. इंजिन धावता धावता तिला भरत राही.

२१/
दुसरा मान काचेच्या खोलीचा. १९१९ मध्ये अमेरिकेत दहातल्या नऊ मोटारी उघड्या होत्या. १९२७ पर्यंत साधारण ८५ टक्के बंदिस्त झाल्या. आता पेट्रोलच्या गाडीतही वारा लागत नव्हता, हँडल मारावे लागत नव्हते आणि इंजिनाच्या उष्णतेने पाय शेकू लागले. किंमत हा तिसरा घाव. १९१४ च्या सुमारास डेट्रॉइट इलेक्ट्रिक अडीच-तीन हजार डॉलरच्या घरात होती. ‘मॉडेल टी’ पाचशेच्या आसपास, आणि तिची किंमत वर्षागणिक घसरत होती. खुद्द फोर्ड आणि एडिसन यांनी त्याच वर्षी स्वस्त विजेच्या मोटारीची घोषणा केली होती. ती बाजारात कधीच आली नाही. डेट्रॉइट इलेक्ट्रिकने सुमारे तेरा हजार गाड्या बनवल्या आणि शेवटच्या काळात मागणीनुसार एकेक गाडी बनवत १९३९ पर्यंत तग धरला.

२२/
तेलसम्राटांनी कारस्थान करून विजेची मोटार मारली, ही कथा समाजमाध्यमांवर वर्षातून दोनदा तरी फिरते. पहिल्या पर्वापुरते बोलायचे तर ती पुराव्यावर टिकत नाही. बॅटरी अगदीच दुबळी होती, हे दुसरे लाडके उत्तरही अपुरे आहे. फ्रिचलची गाडी पेनसिल्व्हेनियाचे डोंगर चढली ती त्याच काळच्या बॅटरीवर. घरी भरणे जमले. परगावी भरणे जमले नाही. त्या दोहोंमधल्या अंतरात ही मोटार हरवली.

२३/
कथेचा एक उपसंहार मात्र सांगितलाच पाहिजे, कारण तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. १९३५-३६ मध्ये रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाची मोहीम हाती घेतली आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांमार्फत खेड्यांत तारा पोहोचल्या. कॅनडाच्या सीमेलगत, उत्तर डकोटातील ग्रँड फोर्क्स येथे अशाच वीज सहकारी संस्थेचा व्यवस्थापक होता अ‍ॅन्ड्र्यू फ्रीमन. तिथे पारा उणे ३० च्याही खाली जातो आणि सेल्फ असला तरी गोठलेले इंजिन दाद देत नाही. फ्रीमनने इंजिनाच्या एका बोल्टच्या जागी बसणारे छोटे विजेचे तापक बनवले. त्याचे पेटंट १९४९ चे. रात्री गाडीची वायर भिंतीतल्या प्लगला जोडायची, इंजिन कोमट राहते, सकाळी गाडी सुरू.

२४/
विनिपेग, फेअरबँक्स आणि उत्तर युरोपातील अनेक शहरांत घरांच्या अंगणात, कचेऱ्यांच्या वाहनतळांवर असे प्लग रांगेने उभे राहिले. म्हणजे ज्या पेट्रोलच्या मोटारीने प्लगची कटकट नाही म्हणून बाजी मारली, तीच कडाक्याच्या हिवाळ्यात रात्रभर प्लगला बांधलेली असे! आज त्या भागांत विजेची मोटार घेणाऱ्याला यांतले काही प्लग सावकाश चार्जिंगसाठी उपयोगी पडतात.

२५/
नॉर्वेची गोष्टही हिवाळ्याचीच आहे, तरी तिची सुरुवात टोलनाक्यावर होते. १९८९ मध्ये ‘आ-हा’ या प्रसिद्ध पॉप गटातील दोघे कलावंत आणि बेलोना या पर्यावरण संस्थेचे फ्रेडरिक हाउगे यांनी विजेवर चालणारी छोटी फियाट पांडा परदेशातून आणली आणि टोल न भरता ती मुद्दाम चालवली. दंड थकला, गाडी जप्त झाली, लिलाव झाला, त्यांच्याच बाजूने ती पुन्हा विकत घेतली गेली आणि पुन्हा तेच. पुढील काळात आयात कर, टोल आणि २००१ पासून मूल्यवर्धित करातही सूट मिळाली. २०२४ मध्ये त्या देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के विजेच्या होत्या. तिथला हिवाळा शिकागोहून सौम्य आहे असे कोणी म्हणणार नाही, विशेषतः उत्तरेकडचा. पण बहुसंख्य मालकांची गाडी रात्री घरीच चार्जिंगला लागलेली असते.

२६/
आता पुन्हा जानेवारी २०२४ च्या रांगेत जाऊ. आजच्या लिथियम बॅटरीचे रसायन वेगळे, स्वभाव मात्र ओळखीचा. ती अतिथंड असताना जोरात चार्ज केली तर लिथियम आत शिरण्याऐवजी धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचते आणि बॅटरीची कायमची हानी होते. म्हणून गाडीतील यंत्रणा स्वतःहून चार्जिंग मंद करते आणि आधी बॅटरी ऊबदार करू पाहते. एरवी अर्ध्या तासात होणारे काम मग तासन्‌तास चालते, मागची रांग वाढते, रांगेतले लोक हीटर चालू ठेवून उरलेली वीज संपवतात. त्या रांगेत असे बरेच चालक होते ज्यांच्या राहत्या जागी चार्जिंगची सोय नव्हती. इमारतीतल्या सदनिका, रस्त्यावरचे पार्किंग, किंवा भाड्याच्या गाडीवर टॅक्सीचा धंदा. ज्याचे गॅरेज होते आणि गॅरेजात प्लग होता, त्याची गाडी त्या रात्री घरी उभी राहून सावकाश भरत होती.